पाच नंबरची खुर्ची

१

गुरुवारी दुपारी ड्रायव्हरकाका डायलिसिसच्या हॉलमध्ये शिरले, तेव्हा त्यांच्या पाच नंबरच्या खुर्चीवर दुसराच माणूस बसला होता. त्याला सुया टोचून झाल्या होत्या आणि मशीन सुरू होतं.

काका निवृत्त बसड्रायव्हर. आठवड्यातून तीनदा, दुपारची शिफ्ट, हीच खुर्ची. पाठीला लावायला घरची उशी बरोबर आणायचे. नोंदणीच्या बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही आजचं रद्द केलंय."

"मी? मी कशाला रद्द करू? हौस आलीय का मला?"

बाईंनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. सकाळी सात वाजून दोन मिनिटं, रद्द. स्क्रीनवर आहे म्हटल्यावर माणसानं बोलायचं तरी काय? शनिवारी जागा आहे, असं त्यांना सांगितलं गेलं. उशी मांडीवर घेऊन ते तासभर बाकावर बसले आणि मग घरी गेले. पहाटे त्यांना श्वास घेता येईना. शुक्रवारी सकाळी ते अतिदक्षता विभागात होते आणि कुणालाच ओळखत नव्हते.

आणखी एक गोष्ट नंतर कळली, आणि ती ऐकून माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्याच गुरुवारी सकाळच्या शिफ्टमध्ये तीच पाच नंबरची खुर्ची चार तास रिकामी पडून होती.

काकांनी काहीच रद्द केलं नव्हतं. रद्दचं बटण हॉस्पिटलसाठी आम्ही लिहिलेल्या बॉटनं, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामनं दाबलं होतं.

२

आमचं ऑफिस आठ माणसांचं. लांबट कॉरिडॉर, एका बाजूला खिडक्या, दुसऱ्या बाजूला दारं. पहिलं पँट्रीचं, दुसरं मीटिंगरूमचं, तिसरं साहेबांच्या केबिनचं. गेल्या शनिवारी साहेबांनी केबिनच्या अलीकडे फोनवर बोलायला एक चिंचोळी खोली करून घेतली. सुतारानं तिला केबिनसारखंच दार लावलं. आमच्यातला तुफान त्या खोलीच्या पहिल्याच दिवशी रजेचा अर्ज घेऊन तिथे घुसला आणि रिकाम्या खुर्चीला 'गुड मॉर्निंग सर' म्हणून आला.

मी इथे टेस्टर आहे. दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधायच्या, हाच माझा पगारी धंदा. म्हणून सगळे मला चाळणी म्हणतात. साहेबांनी शुक्रवारी दहा वाजता चाळणीला बोलावलं.

"हॉस्पिटलची चौकशी लागलीय. संध्याकाळी पाचपर्यंत जबाबदार माणसाचं नाव द्यायचंय. बॉटची ती चुकीची लाईन शिकाऊच्या लॉगिनमधून गेलीय आणि ती कबूलही करतेय. मी तिचं नाव देतो आणि तिला आजच मोकळं करतो."

"सर, मला पाचपर्यंत वेळ द्या."

"बघ काय बघायचंय ते," साहेब म्हणाले. त्यांच्या मनात निकाल लागून गेला होता.

शिकाऊ म्हणजे आमच्यातली सगळ्यात नवी, आणि वयानं बेचाळीस. दोन मुलं आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई यांच्यात बारा वर्षं घरात गेली. मग तिनं पुन्हा अर्ज करायला सुरुवात केली, तर मुलाखतीतली पोरं तिला 'मॅडम, आता कशाला दगदग' म्हणून परत पाठवायची. शेवटी आमच्या टीमचे प्रमुख असलेल्या कप्ताननं तिला घेतलं. ही नोकरी अशी गेली, तर तिला पुन्हा कुणी दारात उभं करणार नव्हतं. एका माणसाच्या जिवाशी जोडलेलं नाव घेऊन ती कुठे जाणार होती?

मी ती लाईन उघडली.

/html/body/div[4]/table/tbody/tr[5]/td[6]/button

बघताक्षणी मला वाटलं, ही लाईन शिकाऊची असूच शकत नाही.

३

वेबपान म्हणजे डब्यात डबा, त्यात आणखी डबा. मोठ्या डब्यांना डिव म्हणतात. बॉटला डोळे नसतात. कुठलं बटण दाबायचं, हे त्याला पत्ता लिहूनच सांगावं लागतं. त्या पत्त्याला एक्सपाथ म्हणतात, आणि तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे ओळख सांगून: ज्या टेबलावर 'सकाळ' लिहिलंय, त्यातली पाच नंबर खुर्चीची ओळ. दुसरी म्हणजे मोजून: चौथा डिव, त्यातलं टेबल, पाचवी ओळ.

सोळा वर्षांपूर्वी कप्ताननं मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "पोरी, मोजत जाऊ नकोस, ओळख विचारत जा. उद्या मध्येच कुणी नवं घर बांधलं, की तू भलत्याच घरात शिरशील." हेच त्यांनी शिकाऊला शिकवलं होतं. तिचा प्रत्येक पत्ता ओळखीचा असायचा, शाळेतल्या वहीसारखा नीटनेटका. मग ही मोजणी आली कुठून?

हॉस्पिटलचं पान मी माझ्या स्क्रीनवर उघडलं. पहिला डिव नावाच्या पट्टीचा, दुसरा मेनूचा, तिसरा सकाळच्या शिफ्टचा, चौथा दुपारच्या शिफ्टचा. प्रत्येक टेबलात बारा ओळी, बारा खुर्च्यांच्या. रद्दच्या यादीत बॉटला फक्त शिफ्ट आणि खुर्ची कळते, आणि तो खुर्चीचा नंबर ओळीच्या जागी भरतो. बुधवारी संध्याकाळी एका शिक्षिकेनं फोन करून सांगितलं होतं, मी उद्या येत नाही. सकाळ, खुर्ची पाच. बॉट चौथ्या डिवमध्ये गेला आणि दुपारची खुर्ची पाच रद्द करून आला. शिक्षिकेची खुर्ची तिच्या नावावर रिकामी राहिली. काकांची खुर्ची प्रतीक्षायादीतल्या माणसाला गेली.

म्हणजे तीनच्या जागी चार. एवढ्याशा आकड्यापायी एक माणूस नळ्या लावून पडला होता.

शिकाऊ पँट्रीत पाणी पीत उभी होती. डोळे सुजलेले.

"ताई, मीच केलं. आणखी काय सांगू?"

"सोमवारी हॉस्पिटलनं टेबलांची नावं बदलली, बॉट अडकला, घाईनं दुरुस्ती करावी लागली. इथपर्यंत कळलं. पण मोजून का लिहिलंस?"

"घाई होती."

"तुझ्याबरोबर कोण बसलं होतं?"

आमच्याकडे एक पद्धत आहे. पत्ता बदलायचा तर दोघांनी एका मशीनपाशी बसायचं. एकानं सांगायचं, एकानं टाइप करायचं. मग तो पत्ता पानावर चालवून बघायचा. योग्य ओळ पिवळी झाली की दोघांनी मोठ्यानं 'दिसलं' म्हणायचं, आणि मगच पुढे पाठवायचं.

"कुणी नव्हतं. एकटीच होते."

"मग चौथा डिव पिवळा झाला, तेव्हा दुपारचं टेबल पिवळं झालंय हे तुला दिसलं नाही?"

"सकाळचंच झालं होतं!" ती एकदम उसळून म्हणाली. "सकाळचीच पाचवी ओळ. मी माझ्या डोळ्यांनी बघितली, ताई. मुलांची शपथ." आणि मग आपण जास्त बोललो हे लक्षात येऊन तिनं ओठ घट्ट मिटले.

माझ्या स्क्रीनवर तोच पत्ता मी तीनदा चालवला. तिन्ही वेळा दुपारचं टेबल पिवळं झालं.

४

तुफानला हे नाव त्याच्या कामाच्या वेगामुळे मिळालं. पानावर उजवं बटण दाबायचं, तयार पत्ता उचलायचा, चिकटवायचा आणि पुढे. असा उचललेला पत्ता नेहमी मोजणीचा असतो. संशय घ्यायला याच्याइतका सोयीचा माणूस नव्हता, आणि खरं सांगायचं तर तोच निघावा अशी माझी मनातून इच्छा होती.

"चाळणीताई, आळशी मी आहे, कबूल. पण सोमवारी मी माझ्या जागेवरून हललो नाही," तो म्हणाला. "आणि ती एकटी नव्हती हां. पार्टिशनच्या पलीकडून मी दोनदा 'दिसलं' ऐकलं. एक तिचं. दुसरं कुणाचं, ते हेडफोनमुळे कळलं नाही. मला वाटलं तुझंच."

सोमवारी मी दाढ काढायला गेले होते.

"तुझ्या स्क्रीनवर हॉस्पिटलचं पान उघड."

त्यानं उघडलं. जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, होतं त्याच्याकडे, पण ते पानात काही घालत नाही, फक्त लपवतं. आम्ही दोघांनी डिव मोजले. सकाळचं टेबल तिसऱ्यातच. मग शिकाऊच्या मशीनवर गेलो. तिथेही तिसऱ्यात. नोंदणीच्या बाईंना फोन करून त्यांच्या मशीनवरही मोजायला लावलं. "इथे माणसं रांगेत उभी आहेत हो," असं करवादत का होईना, त्यांनी मोजलं. तिथेही तिसऱ्यातच.

मी कप्तानच्या टेबलाशी गेले. नेहमीसारखं त्यांनी लॅपटॉपचं झाकण खाली केलं.

"काय गं, सापडला का चोर?"

"तुम्ही बघा ना एकदा ही लाईन."

"तूच वाच. हल्ली मला ऐकूनच बरं कळतं."

मी वाचली. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "पत्ता ठीक आहे की. सोमवारी बरोबर लागत होता, मला वाटतं. त्या बिचारीला उगाच धरलंय. साहेबांना सांग, हॉस्पिटलनं पान पुन्हा बदललं असणार."

मी बरं म्हटलं. चहाचा कप उचलताना त्यांचा हात आधी कपाच्या बाजूला गेला, मग कपाच्या कानापाशी. महिनाभर ते गाडी घरी ठेवून चालत येत होते. आम्ही म्हणायचो, कप्तान तब्येत कमावतायत.

सोमवारी पत्ता बरोबर लागत होता, हे त्यांना कसं माहीत? हे मला सुचलं, तेव्हा मी हॉस्पिटलच्या रिक्षात बसले होते.

५

हॉस्पिटलला जाण्यात तपासाचा काही भाग नव्हता. मला फक्त काकांना बघायचं होतं. आत सोडलं नाही. बाहेर त्यांची मुलगी बसली होती, मांडीवर ती उशी. खोळीवर घरी शिवलेली ठिगळं.

"तुम्ही कंपनीच्या?" तिनं विचारलं.

"हो."

"बाबांनी रद्द नव्हतं केलं. ते सांगत होते. सगळ्यांना सांगत होते." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू बोलत होती. "पस्तीस वर्षं गाडी चालवली त्यांनी. कधी थांबा चुकला नाही. कुणी केलं हे?"

"शोधतेय."

"शोधून काय होईल?"

मी तिच्याशेजारी बसले. तिनं फोनवर काकांचा जुना फोटो दाखवला, बसच्या दारात उभे, खाकी कपड्यांत.

तो फोटो बघता बघता मला दुसराच फोटो आठवला.

दोन आठवड्यांपूर्वी आमच्या घरी नवं वॉशिंग मशीन आलं. कौतुकानं मी त्याचा फोटो सगळ्यांना दाखवत फिरले. कप्ताननं फोन हातात घेतला, क्षणभर बघितला आणि म्हणाले, "गोड आहे. अगदी तुझ्यावर गेलीय." आम्ही पोट धरून हसलो. तुफान आठवडाभर मला फ्रंट लोडिंग म्हणत होता. कप्तानही हसले, पण सगळ्यांच्या नंतर.

त्यांनी विनोद केलाच नव्हता.

६

परत आले तेव्हा चार वाजून गेले होते. कप्तान जागेवर नव्हते. सोळा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचं झाकण त्यांना न विचारता उघडलं.

स्क्रीनभर दोन-दोन बोटं उंच अक्षरं होती. हॉस्पिटलचं पान उघडलं, तर त्याच्या डोक्यावर एक काळी पट्टी आली: अक्षर मोठं, अक्षर लहान, वाचून दाखवा. ज्यांना नीट दिसत नाही त्यांच्यासाठीचं एक्स्टेन्शन. ते प्रत्येक पानाच्या सुरुवातीला स्वतःचा एक डिव घुसवतं. मी मोजले. पहिला पट्टीचा, दुसरा नावाचा, तिसरा मेनूचा, चौथा सकाळच्या शिफ्टचा.

शिकाऊनं खरंच सकाळचं टेबल पिवळं झालेलं बघितलं होतं. या स्क्रीनवर ते तसंच होत होतं. बॉट मात्र कोऱ्या ब्राउझरात पान उघडतो, आणि त्याच्याकडे ही पट्टी नव्हती.

कोडं सुटल्याचा मला क्षणभर आनंद झाला. त्या क्षणाची मला आजही लाज वाटते.

शिकाऊ मागे येऊन उभी होती. "ताई, झाकण लावा."

"कधीपासून?"

"मी आले तेव्हापासून. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आहे म्हणतात. कडेचं दिसतं, समोरचं जातं. मीच वाचून दाखवते त्यांना. बारीक बटणांवरची नावं नाहीच दिसत, म्हणून पत्ता उचलून घेतात. सोमवारी त्यांनी इथून उचलला आणि मी माझ्याकडे टाइप केला."

"आणि तू बोलली नाहीस."

"बारा वर्षं मला कुणी खुर्ची दिली नव्हती, ताई. त्यांनी दिली. आता त्यांची काढून घेऊ?" तिनं डोळे पुसले. "आणि माझंही चुकलंच. माझ्या मशीनवर एकदा चालवून बघायला हवं होतं. मी नाही बघितलं. कप्तान म्हणाले दिसलं, म्हणजे दिसलं."

"दिसलं कोण म्हणालं?" कप्तान दारात उभे होते. आवाजावरून त्यांनी आम्हाला ओळखलं असावं.

उघड्या झाकणाकडे त्यांची नजर गेली नाही. ती थोडी बाजूला, भिंतीवर स्थिरावली होती.

"चाळणी, तू सांग."

मला सांगायचं नव्हतं. खोटं बोलायचा विचारही आला मनात, नाही असं नाही. पण हॉस्पिटलमधल्या त्या मुलीला मी 'शोधतेय' म्हणून आले होते, आणि ही माझ्यासमोर उभी असलेली बाई पाच वाजता नोकरी गमावून घरी जाणार होती.

"कप्तान, तुमच्या स्क्रीनवर पानाच्या वर एक पट्टी येते. तिचा डिव धरून सकाळचं टेबल चौथं. ती पट्टी नसली तर तिसरं."

त्यांनी उजव्या हाताची बोटं करंगळीपासून एक-एक करून मिटली. पट्टी, नाव, मेनू, सकाळ. मग पुन्हा उघडली, आणि पहिलं बोट सोडून पुन्हा मिटली. करंगळी तशीच उरली.

"एक घर मध्ये बांधलं होतं," ते म्हणाले. "मीच." थोड्या वेळानं विचारलं, "तो माणूस कसा आहे?"

"शुद्धीवर नाही."

"उद्या मला कुणी नोकरीवर ठेवणार नाही म्हणून मी झाकण लावत होतो गं. एवढंच. वाटलं, अजून सहा महिने निघतील." शिकाऊ रडायला लागली तसे ते तिच्यावर खेकसले, "तू कशाला रडतेस? तुला कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला? किती वाजले?"

"पाचला दहा कमी."

"साहेब आहेत ना केबिनमध्ये?"

"आहेत. मी येते बरोबर."

"नको. एवढं मला एकट्याला करू दे."

७

ते कॉरिडॉरमध्ये गेले. ताठ चालत होते, शर्ट नीट खोचलेला. उजव्या हाताची बोटं भिंतीला जेमतेम लागत होती. आम्ही दोघी आमच्या दारात उभ्या राहिलो. पलीकडून तुफानही हेडफोन काढून बघत होता.

पँट्रीचं दार गेलं. मीटिंगरूमचं गेलं. तिसऱ्या दारापाशी ते थांबले, केसांवरून हात फिरवला आणि टकटक केलं. उत्तर आलं नाही, तरी साहेब फोनवर असतील असं समजून ते आत गेले. दार त्यांनी उघडंच ठेवलं.

"सर, मी बसत नाही," त्यांचा आवाज आला. "ती लाईन माझी होती. शिकाऊची नाही. मला दिसत नाही सर. चार महिने दिसत नाहीये. मी तुमच्यापासून लपवलं. दिसलं म्हणालो, आणि दिसलं नव्हतं."

फोनच्या खोलीत एक रिकामी खुर्ची होती आणि भिंतीला टेकवलेलं एक टेबल. कप्तान तिच्यासमोर हात मागे बांधून उभे होते.

"सर, काहीतरी बोला," ते म्हणाले.

शिकाऊनं माझा दंड घट्ट धरला. सोळा वर्षं मी त्यांच्याकडून शिकले, आणि त्या क्षणी त्यांना काय म्हणायचं हे मला येत नव्हतं.

शेवटी मी गेले, त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "पुढचं दार, कप्तान."

त्यांची बोटं माझ्या हातात एकदा हलली, मोजल्यासारखी, आणि मग आम्ही चौथ्या दारावर टकटक केलं.